दिल्लीहून दौलताबाद: एका बिऱ्हाडाचा इतिहास

आज आपण ज्या घटनेबद्दल बोलणार आहोत, ती घडली ती जागा आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर आहे. मुहम्मद बिन तुघलकानं 1327 साली दिल्लीहून देवगिरीला राजधानी आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. मराठीत आपण आजही अविचारी हुकुमाला 'तुघलकी फर्मान' म्हणतो, ते याच गोष्टीवरून आणि पुढच्या तांब्याच्या नाण्यांवरून. पण आज सुलतान शहाणा की वेडा, या वादात मला पडायचं नाही. मला विचारायचंय ते घरगुती आहे: नोकरीपायी हजार किलोमीटर दूर जायची वेळ आली, तेव्हा माणसांनी काय नेलं, कसं नेलं, आणि मागे काय ठेवलं?

आधी कारण बघू. झियाउद्दीन बरनी हा सुलतानाच्या दरबारातला माणूस. त्यानं सांगितलेलं कारण असं की देवगिरी राज्याच्या मध्यावर आहे. गुजरात, बंगाल, तेलंगण, दूरचं माबार, सगळीकडून अंतर साधारण सारखं. त्यात नुकतंच दख्खनमध्ये गुर्शास्पचं बंड झालेलं. दिल्लीत बसून दख्खन हातात राहत नाही, हे सुलतानाला कळलं होतं. म्हणजे हेतूत काही वेडेपणा नव्हता. अडचण होती ती ओझ्याची आणि अंतराची.

आता गेलं कोण? आपल्या डोक्यात चित्र असतं की अख्खी दिल्ली गाठोडी बांधून निघाली. बरनी तर म्हणतो, दिल्लीत कुत्रं-मांजरही उरलं नाही. पण इतिहासकार मेहदी हुसेन यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. दिल्ली परिसरात 1327 आणि 1328 सालचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. ऐन स्थलांतराच्या वर्षांत तिथे लोक लेख कोरून घेत होते, म्हणजे ते घर सोडून गेलेले नव्हते. गेले ते ज्यांची भाकरी दरबारावर अवलंबून होती ते: अमीर, लष्करी अधिकारी, काझी, कारकून, विद्वान, सूफी आणि त्यांची कुटुंबं. आजच्या भाषेत सांगायचं तर शहर हललं नाही, मुख्यालय हललं. आणि मुख्यालय हललं की त्याच्यामागे बिऱ्हाडं हलतात.

सगळे एकदम निघाले नाहीत. सुलतानाची आई मख्दूमा-ए-जहाँ, राजघराण्यातली माणसं, बडे अमीर, हत्ती-घोडे, खजिना हे पहिल्या फेरीत. बाकीची प्रतिष्ठित मंडळी नंतर. सरकारनं व्यवस्थाही केली होती. दिल्लीतल्या घरांची किंमत दिली, वाटखर्च दिला, मुक्कामाच्या ठिकाणी सराया बांधल्या, रस्त्याला झाडं लावली. काही वर्षांनी आलेला इब्न बतूता लिहितो की हा रस्ता चाळीस दिवसांचा, आणि दुतर्फा इतकी झाडं की बागेतून चालल्यासारखं वाटावं. दर मैलाला डाकेच्या तीन चौक्या.

चाळीस दिवस. जरा हिशोब करा. अंतर हजार किलोमीटरहून जास्त, म्हणजे रोज पंचवीस-तीस किलोमीटर. घोड्यावरच्या माणसाला हे जमतं. पण भरलेली बैलगाडी दिवसाला त्याच्या निम्मंच अंतर कापते. वाटेत चंबळ, नर्मदा, तापी उतरायच्या, विंध्य-सातपुडा ओलांडायचा, शेवटी अजिंठ्याच्या डोंगररांगेतला घाट. पाठीवर ओझं वाहणारा बैल दोन-अडीच मण नेतो, त्याहून जास्त नाही. मग घरातलं काय उचलणार? कपडे, पांघरुणं, भांडी, दागिने, धान्य, आणि जो विद्वान आहे त्याची पुस्तकं. लाकडी पलंग, रांजण, जातं, गोठ्यातली दुभती म्हैस, हे सगळं मागे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो, पण माणसाची पाठ विंचवासारखी नसते. ती ठरावीकच ओझं पेलते.

आणि काही ओझी गाडीवरही पेलत नाहीत. इसामी नावाच्या कवीनं 'फुतूह-उस-सलातीन' हा ग्रंथ लिहिला. स्थलांतर झालं तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. बरोबर त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा होते. दिल्ली सोडून पहिलाच मुक्काम पडला तिलपतला, आणि आजोबा तिथेच गेले. चाळीस दिवसांतला पहिला टप्पाही त्यांना झेपला नाही. सरकारनं घराची किंमत दिली, वाटखर्च दिला, सराई बांधली. पण नव्वदीच्या माणसाची घराची सवय कुठल्या खात्यातून भरून देणार? बरनी आणि इसामीच्या लिखाणात जी कडवट चीड आहे, ती मला इथून आलेली दिसते. हुकुमानं सामान हलतं. माणसं हलतात, पण त्यांना त्यासाठी कोण विचारतं?

इथे पोचल्यावर काय? अल्-उमरी या अरब लेखकानं दौलताबादच्या आखणीची ऐकीव माहिती नोंदवली आहे. लष्कराचा मोहल्ला वेगळा, कारकुनांचा वेगळा, काझी-विद्वानांचा, व्यापाऱ्यांचा, कारागिरांचा वेगळा, आणि प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, बाजार, हमामखाना, भट्टी. म्हणजे माणसाला आपल्याच पेशाच्या शेजारात घर मिळावं, अशी कल्पना. आपल्याकडे सरकारी वसाहती बांधताना हाच विचार असतो, नाही का?

तरी सात-आठ वर्षांतच बेत बदलला. उत्तरेत दुष्काळ, बंडं, सुलतान पुन्हा तिकडे अडकला. 1335 नंतर लोकांना परत जायची मुभा मिळाली. काही गेले. त्यातलं एक कुटुंब म्हणजे सय्यद मुहम्मद हुसेनी, पुढे गेसूदराज बंदेनवाज म्हणून प्रसिद्ध झालेले. वडिलांचं बोट धरून सहा-सात वर्षांचं हे पोर इथे आलं. वडील इथेच वारले, खुलदाबादला त्यांची कबर आहे. मुलगा आईबरोबर दिल्लीला परतला. आणि म्हातारपणी पुन्हा दख्खनमध्ये आला, तो गुलबर्ग्याला कायमचा राहिला. एका आयुष्यात बिऱ्हाड तीनदा हललं.

काही जण मात्र परतलेच नाहीत. बुऱ्हानुद्दीन गरीब हे निजामुद्दीन औलियांचे शिष्य, 1337 साली इथेच वारले. कवी अमीर हसन सिज्झी उतारवयात इथे आला, त्याचीही कबर खुलदाबादलाच. परक्या गावात आपलं पहिलं माणूस पुरलं, की ते गाव परकं राहत नाही. खुलदाबादचं महत्त्व असंच वाढत गेलं. पुढे पावणेचारशे वर्षांनी औरंगजेबालाही तिथेच, झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात पुरलं, तेही याच परंपरेमुळे.

आणखी एक परिणाम सुलतानानं कल्पिलाही नसेल. वीस वर्षांत इथे एक पिढी उभी राहिली. दख्खनमधल्या अमीरांनी बंड केलं आणि 1347 साली याच दौलताबादेत बहमनी राज्याची स्थापना झाली. सुलतानानं दख्खन ताब्यात राहावी म्हणून माणसं पाठवली, आणि ज्या उमराव-विद्वानांच्या आधारावर नवं राज्य उभं राहिलं, त्यात ही माणसंही होती. आपला इसामी? त्यानं आपला ग्रंथ 1350 साली पूर्ण केला तो बहमनी सुलतानासाठीच. एकदा चूल मांडली की माणूस धन्याचा कमी आणि गावाचा जास्त होतो.

आता शेवटचा मुद्दा, सामानाचाच. कागजीपुऱ्याचा हातकागद आणि हिमरूचं विणकाम तुघलकाबरोबर आलेल्या कारागिरांनी आणलं, असं इथे परंपरेनं सांगतात. हातातलं कसब, त्याला बैल लागत नाही. पण सगळ्यात हलकं आणि सगळ्यात टिकाऊ सामान होतं बोली. खलजींच्या फौजांपासून उत्तरेची बोली इकडे येत होती, तुघलकाच्या काळात ती मुक्कामाला राहिली. शेजारी मराठी. मग 'नको'चं 'नक्को' झालं, ठासून बोलायचा आपला 'च' तिच्यात शिरला, आणि दखनी तयार झाली. याच दखनीचा कवी वली औरंगाबादी 1700 साली दिल्लीला गेला. 1720 च्या सुमारास त्याचा दिवाण दिल्लीत पोचला आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या कवींना कळलं की या भाषेतही गझल लिहिता येते. जे सामान दिल्लीनं इथे पाठवलं होतं, ते पावणेचारशे वर्षांनी वाढून परत गेलं.

आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी कुठून कुठून माणसं या शहरात येतात. ट्रकमधून कपाट उतरतं, फ्रिज उतरतो, एखादी कुंडी वाटेत फुटलेली असते. शेजारी विचारतात, 'कुठले तुम्ही?' सातशे वर्षांपूर्वी दौलताबादच्या तटाआतही हा प्रश्न विचारला गेला असणार. त्याचं उत्तर बदलायला एक पिढी लागते, एवढं इतिहास नक्की सांगतो.