विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांतील हिंसा : बालपणातील मुळे

लग्नाआधीच्या नात्यात जोडीदाराला मारणे, धमकावणे, बळजबरी करणे, पाळत ठेवणे. मराठीत या हिंसेला रुळलेले नाव नाही. वर्तमानपत्रांतल्या ‘एकतर्फी प्रेमा’त नकारानंतरचा हल्ला मावतो, दोघांच्या मर्जीने जुळलेल्या नात्यातली थप्पड निनावीच राहते.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस (१९२६–२०१६) यांच्या पुढाकाराने ३२ देशांतील विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांत भारतही होता. लहानपणी मार खाल्लेल्यांचा हात जोडीदारावर उठण्याची शक्यता अधिक, असे तीत दिसले. मोजले गेले ते मुख्यतः फटके. त्यामागची भीती निसटली, हा आक्षेप रास्त आहे.

घरातला मार ‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणून पडतो. जीव लावणारा माणूस मारूही शकतो, ही समजूत तिथेच पक्की होते. पुढे मोबाइलचा पासवर्ड मागणारा ‘काळजी वाटते म्हणून’ म्हणतो, तेव्हा मार खात वाढलेल्या मुलीला ते ओळखीचे वाटते. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात महाराष्ट्रासह १३ राज्यांतील दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसल्याचे आढळले. शाळेतील छडीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली, घरातली चालूच आहे. वडील आईला मारताना पाहिलेल्या मुलाच्या मनावर तर स्वतः न खाल्लेल्या माराचाही वळ उठतो. अर्थात ही जोखीम आहे, ललाटरेषा नव्हे. असे बालपण काढलेले कितीतरी जण कुणावर हात उगारत नाहीत.

आईवडिलांचे दुर्लक्ष हेही एक कारण मानतात. गृहपाठात मदत झाली का, रडताना कुणी जवळ घेतले का, असे प्रश्न त्यासाठी स्ट्रॉस यांच्या पाहणीत विचारले गेले. छत्रपती संभाजीनगरात, जालना रस्त्यावरच्या चिकलठाण्यात हे प्रश्न जपून विचारावे लागतील. कारखान्यांच्या या परिसरात रात्रपाळी करून आलेला बाप पोर शाळेत जाताना झोपलेला असू शकतो. बीडकडून शहरात शिकायला आलेल्या एखाद्याचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला गेलेले असतात, तो आजीजवळ वाढलेला असतो. याला दुर्लक्ष म्हणणे अन्याय आहे. ती पोटासाठीची ताटातूट आहे. मात्र त्या महिन्यांत पोराला जवळ घेणारे कुणी होते का, हे विचारायलाच हवे.

अशी हिंसा घडल्यावर कायदाही अपुरा पडतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा एका घरात राहिलेल्यांपुरता आहे. वेगवेगळ्या वसतिगृहांत राहणाऱ्या जोडप्यातील मुलीला त्याचा आधार मिळत नाही. पाठलागाविरुद्ध मात्र २०१३ पासून फौजदारी तरतूद आहे.