खाऱ्या पाण्यानंतरची बादली : पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा एक राहून गेलेला इतिहास

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा इतिहास सांगताना आपण नेहमी चित्रांबद्दल बोलतो. पहिलं चित्र कुणी काढलं, पहिलं रंगीत कोणतं, सगळ्यात खोल कोण गेलं. आज मला चित्राबद्दल कमी आणि पेटीबद्दल जास्त बोलायचंय. कॅमेरा ज्या पेटीत बंद करून समुद्रात नेतात, तिला आज सगळे हाउसिंग म्हणतात. ती पेटी समुद्रात टिकते की नाही याचा निकाल पुष्कळदा समुद्रात लागतच नाही. तो लागतो वर आल्यावर, गोड्या पाण्याच्या बादलीत.

सुरुवात 1856 पासून करू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथ नावाचं गाव आहे. तिथे विल्यम थॉम्पसन यांनी कॅमेरा पेटीत बंद करून होडीतून सुमारे 18 फूट खाली सोडला. दोरी ओढून झडप उघडली आणि दहा मिनिटं वाट पाहिली. पेटी वर काढली तर आत समुद्राचं पाणी शिरलेलं! तरी काच वाचली आणि तिच्यावर अंधुक का होईना, प्रतिमा उमटली. म्हणजे पाण्याखालच्या छायाचित्रणाच्या पहिल्याच पानावर गळकी पेटी आहे. आपल्या पुस्तकांत हे वाक्य बहुधा गंमत म्हणून येतं. मला वाटतं, खरा विषय तिथेच सुरू होतो.

आता हिशोब बघा. दर 10 मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढतो. पेटीची एक बाजू 10 बाय 15 सेंटिमीटर धरली, म्हणजे पोस्टकार्डाएवढी, तर 20 मीटरवर त्या एका बाजूवर सुमारे 300 किलोंचा जादा भार येतो. सांध्यात केसाएवढी फट असली तरी पाणी आत घुसणारच.

फ्रान्सच्या बान्यूल्स-सुर-मेर इथल्या आरागो प्रयोगशाळेत लुई बूतां यांनी 1893 मध्ये याला जे उत्तर शोधलं, ते मला फार आवडतं. त्यांचे भाऊ ऑग्युस्त यांनी कॅमेऱ्याची रचना केली. पेटी तांब्याची होती, आणि तिला हवेने भरलेला रबरी फुगा जोडलेला. पेटी खाली जाऊ लागली की पाणी फुगा दाबतं, फुग्यातली हवा पेटीत जाते आणि आतला दाब बाहेरच्या बरोबरीला येतो. दोन्हीकडे दाब सारखा, मग पाण्याने आत यायचं कशाला? दाबाशी भांडायचं नाही, त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं. या कामात प्रयोगशाळेचे यांत्रिक जोसेफ दाव्हीद यांचा हात मोठा होता. पण मुखपृष्ठावर नाव येतं ते प्राध्यापकांचं. असो.

पण फुग्याने दाबाचा प्रश्न सुटला, मिठाचा नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. ओलं असेपर्यंत ते फारसं दिसत नाही. पाणी सुकलं की त्याचे कण बनतात, धारदार आणि टणक. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे घरोघरी माहीत आहे. समुद्रात तर दोन वेगळे धातू शेजारी असले की खारं पाणी त्यांच्यात चक्क विजेचा घट तयार करतं, आणि दुबळा धातू झिजायला लागतो.

ही गोष्ट नौदलांना कॅमेऱ्याच्या आधीपासून ठाऊक होती. ब्रिटिश जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकत. ते खाऱ्या पाण्यात झिजत. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी सुचवलं की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, म्हणजे झीज त्यांची होईल, तांबं वाचेल. तांबं वाचलंही. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषानेच शिंपले आणि शेवाळ दूर राहत होतं. ते थांबलं तशी जहाजांची बुडं भरून गेली, आणि नौदलाने हा उपाय सोडून दिला. विज्ञान बरोबर, जहाज मात्र मंद! जस्ताचा बळी देण्याची ती कल्पना पुढे लोखंडी जहाजांत रुळली, आणि आज काही ॲल्युमिनियमच्या हाउसिंगलाही जस्ताचा छोटा तुकडा लावलेला असतो. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा स्क्रू, मध्ये खारं पाणी. काही महिन्यांनी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते. ती साध्या पाण्याने जात नाही. मीठ पाण्यात विरघळतं, मिठाने केलेलं नुकसान विरघळत नाही.

आता या कथेतला खरा नायक. नील्स क्रिस्टेन्सेन, जन्माने डॅनिश, 1891 मध्ये अमेरिकेला गेलेले यंत्रकार. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी खाचेत बसवायच्या गोल रबरी कड्याचं पेटंट मागितलं. ते 1939 मध्ये मिळालं. हीच आपली ओ-रिंग. हिची खुबी अशी की दाब वाढला की कडं खाचेच्या कडेला आणखी घट्ट चिकटतं. म्हणून खोलात ती निश्चिंत असते आणि उथळात हळवी. गळती पुष्कळदा पाण्यात उतरतानाच होते, किंवा धुण्याच्या टाकीत, जिथे चार जणांचे कॅमेरे एकमेकांवर आदळत असतात. हे ऐकून नवखे दचकतात.

ओ-रिंग आल्यावर पेटी सोपी झाली. जाँ द वूतेर यांनी कुस्तोंच्या मंडळींसाठी कालिप्सो कॅमेरा बनवला. त्याला पेटीच नव्हती, कॅमेराच पाणबंद. 1963 मध्ये तोच निकॉनॉस म्हणून निकॉनकडून आला. आणि इथून जबाबदारी यांत्रिकाकडून वापरणाऱ्याकडे सरकली. बूतांच्या पेटीची काळजी घ्यायला प्रयोगशाळा होती. निकॉनॉसवाल्याकडे एक बादली आणि ग्रीसची ट्यूब.

त्या बादलीची रीत मात्र चुकवून चालत नाही. वर आल्यावर पेटी सुकू द्यायची नाही. लगेच गोड्या पाण्यात बुडवायची, अर्धा तास तरी ठेवायची, आणि पाण्यातच प्रत्येक बटण पुन्हा पुन्हा दाबायचं, कारण मीठ बटणाच्या दांडीभोवती लपतं. नुसतं नळाखाली धरणं म्हणजे भांडं विसळणं झालं, घासणं नव्हे. मग पुसून, हात आणि केस कोरडे करून, पेटी उघडताना तोंड खाली धरायचं, म्हणजे थेंब आत न पडता बाहेर गळतील. ओ-रिंग बोटाने दाबून वर काढायची. सुई किंवा पिन लावली तर ओरखडा पडतो आणि तिथूनच पुढे पाणी येतं. खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची.

आणि ग्रीस? याबद्दल फार गैरसमज आहे. ग्रीस पाणी अडवत नाही. पाणी रबर अडवतं. ग्रीस फक्त त्याला नीट बसू देतं. म्हणून रबर चमकेल इतपतच लावायचं. जास्त लावलं की वाळू आणि केस त्यालाच चिकटतात. शिवाय सिलिकॉनच्या कड्याला सिलिकॉन ग्रीस लावलं तर कडं फुगू शकतं, म्हणून बनवणाऱ्याने सांगितलेलंच वापरावं.

कोकणातल्या मंडळींना यात नवीन काही वाटणार नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात ते त्यांनी पाहिलंय, आणि होडीचं मशीन गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय ठेवायचं नाही हेही त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. आर. राव यांच्या चमूने 1983 पासून द्वारकेच्या समुद्रात उत्खनन केलं, दगडी नांगर नोंदवले. अशा कामात चित्र म्हणजे शोभा नव्हे, पुरावा असतो. वस्तू जागेवरून हलवली की ती मूळ कुठे, कशी पडली होती हे सांगायला चित्रच उरतं. तो कॅमेरा मिठाने अडकला, तर गेलेला दिवस परत मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत हाउसिंगला छोटा पंप जोडतात. बुडी मारण्याआधी आतली थोडी हवा काढून घेतात आणि आतला दाब टिकतो का ते एक दिवा दाखवतो. टिकला तर पेटी घट्ट. नाही तर जमिनीवरच कळतं. बूतांनी आत हवा भरली, आपण काढतो. म्हणजे सव्वाशे वर्षांनी त्याच प्रश्नाला उलट्या बाजूने हात घातला. पण हिरवा दिवा आजची घट्टी सांगतो, बटणाच्या दांडीत साचत चाललेलं मीठ सांगत नाही. त्यासाठी बादलीच.

निकॉनॉस 2001 मध्ये बंद झाला. जुने कॅमेरे अजून विकायला येतात. कुणाला घ्यायचा मोह झालाच, तर लेन्सच्या आधी ओ-रिंगची खाच बघा, आणि तिच्यात पांढरं काही दिसलं तर किंमत विचारू नका.