हावडा ब्रिज : नदीत एकही खांब नाही, मग हा पूल उभा कसा?

मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस किंवा हावडा मेलने कोलकात्याला निघालात, तर गाडी तुम्हाला उतरवते हावड्याला. हावडा हे वेगळं शहर आहे. कोलकाता समोर, हुगळी नदीच्या पलीकडे. स्टेशनबाहेर आलात की दोन्ही शहरांना जोडणारा तो प्रचंड पोलादी सांगाडा दिसतो. सगळे लगेच फोन काढून फोटो घेतात, मीही घेतला होता. पण या पुलात बघण्यासारखं बरंच काही फोटोत येत नाही. आज तेच समजून घेऊ.

आधी होता तरंगता पूल

1862 मध्ये बंगाल सरकारने ईस्ट इंडियन रेल्वेचे मुख्य अभियंता जॉर्ज टर्नबुल यांना इथे पूल शक्य आहे का, ते तपासायला सांगितलं. अडचण होती गाळाची. नदीच्या तळाशी इतका चिखल, की पाये खूप खोल न्यावे लागणार होते.

त्यावर तोडगा निघाला तो पाण्यावर तरंगणाऱ्या पुलाचा. सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधलेला हा पूल 1874 मध्ये सुरू झाला. एकाला एक जोडलेल्या तराफ्यांवर लाकडी रस्ता, असा साधारण प्रकार. जहाज आलं की मधला 200 फुटांचा भाग बाजूला काढायचा. तेवढा वेळ रस्ता बंद! पूल सुरू होण्याआधीच, मार्च 1874 च्या वादळात 'इजेरिया' नावाची बोट दोर तुटून त्यावर आदळली आणि तीन तराफे बुडाले. तरीही या पुलाने जवळजवळ 70 वर्षं काम केलं.

कॅन्टिलीव्हर म्हणजे काय? घरी करून बघा

वाहतूक वाढली, तसा पक्का पूल हवा झाला. पण नदीत खांब टाकले असते तर जहाजांना अडथळा झाला असता आणि खांबांभोवती गाळही साचला असता. म्हणून ठरलं, खांब फक्त काठावर.

हे कसं जमतं? दोन टेबलं थोडं अंतर ठेवून समोरासमोर ठेवा. प्रत्येक टेबलावर एक पट्टी अशी ठेवा, की तिचं एक टोक बाहेर येईल. मागच्या टोकावर जाड पुस्तकं ठेवा, म्हणजे पट्टी पडणार नाही. आता पुढे आलेल्या दोन टोकांवर तिसरी पट्टी आडवी ठेवा. झाला तुमचा कॅन्टिलीव्हर पूल!

हावड्यात हेच मोठ्या मापात केलंय. दोन्ही काठांवरच्या मनोऱ्यांपासून नदीवर 468 फुटांचा एकेक हात पुढे येतो. त्या दोन हातांच्या मध्ये 564 फुटांचा तुकडा टांगलेला आहे. बेरीज करा : बरोबर 1500 फूट, म्हणजे सुमारे 457 मीटर. पुस्तकांचं काम करतात मागचे 325 फुटांचे हात. ते जमिनीत घट्ट अडकवलेले आहेत.

आणि रस्ता? तो या सांगाड्याला खालून टांगलेला आहे. त्यासाठी पोलादी दांड्यांच्या 39 जोड्या, म्हणजे एकूण 78 दांडे आहेत. इंग्रजीत त्यांना हँगर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्धात बांधलेला पूल

काम 1936 मध्ये सुरू झालं. मनोऱ्यांखाली विहिरीसारखे अवाढव्य पाये उतरवताना एका रात्री खालची जमीन खचली आणि सगळा पाया एकदम दोन फूट खाली बसला. हादरा एवढा, की खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली.

मग दुसरं महायुद्ध पेटलं. इंग्लंडहून येणारं पोलाद युद्धाकडे वळलं. एकूण 26,500 टन पोलाद लागणार होतं. त्यातलं 23,000 टन टाटांच्या कारखान्याने पुरवलं. त्यासाठी 'टिसक्रोम' नावाचं खास मजबूत पोलाद तयार केलं गेलं.

हे सगळे तुकडे जोडले रिव्हेटने. लालबुंद तापवलेला खिळा भोकात घालायचा आणि दुसरं टोक ठोकून चपटं करायचं. थंड होताना तो आकसतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळतो.

3 फेब्रुवारी 1943 ला पूल सुरू झाला, तोही गाजावाजा न करता. कारण जपानी विमानांच्या हल्ल्याची भीती होती. 1965 मध्ये त्याला 'रवींद्र सेतू' हे नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी अजून हावडा ब्रिजच आहे.

पूल लांबतो, हे माहितीय?

पोलाद तापलं की वाढतं. तापमान 25 अंशांनी वाढलं, तर 457 मीटर पोलाद साधारण 14 सेंटीमीटरने लांबतं, म्हणजे जवळजवळ तुमच्या फोनएवढं! त्याला जागा मिळावी म्हणून टांगलेला तुकडा आणि हात यांच्यामध्ये सांधे मोकळे ठेवलेत.

खरा शत्रू कोण?

हा पूल वादळं झेलतो, रोजची हजारो वाहनं आणि लाखभर पायी माणसं झेलतो. 2005 मध्ये भरतीच्या वेळी एक मालवाहू जहाज पुलाखाली अडकलं, तेही त्याने झेललं. पण तो झिजला कशाने? पानाच्या पिचकाऱ्यांनी!

आठवतात ते 78 हँगर? त्यांच्या तळाशी पाणी जाऊ नये म्हणून पोलादी आवरणं आहेत. फुटपाथवरून जाणारे लोक नेमके तिथेच थुंकत. चुना, कात आणि थुंकी यांनी पोलाद खाल्लं. काही वर्षांतच 6 मिलिमीटर जाडीची आवरणं 3 मिलिमीटरच्याही खाली आली. शेवटी पुलाची देखभाल करणाऱ्या कोलकाता बंदराने हँगरच्या तळांना फायबरग्लासची आवरणं बसवली, जी धुता येतात.

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हँगरचा तळ कुजला, तर वरच्या हजारो टन पोलादाचा त्या रस्त्याला काय उपयोग? रस्ता त्या दांड्यांवरच तर लोंबतोय.

आज पलीकडे जायला विद्यासागर सेतू आहे, 2024 पासून नदीखालून मेट्रोही धावते. तरी एकदा हा पूल पायीच ओलांडा. वरच्या सांगाड्याचा फोटो घ्याच, पण एक फोटो हँगरच्या तळाचाही घ्या. तुम्ही ज्या रस्त्यावर उभे आहात, तो तिथेच धरलेला आहे.