इंजेक्शनमधून पसरलेली कावीळ : इजिप्तची गोष्ट

‘हिपॅटायटिस सी’चा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न औषधाचा नसतो. “डॉक्टर, मला हा आला कुठून? मी दारूच्या थेंबाला शिवलो नाही,” हा असतो. त्यामागे घरातल्यांच्या नजरेतला संशयही असतो. एखाद्याला हा विषाणू नेमका कधी लागला, ते वीस-पंचवीस वर्षांनी छातीठोकपणे सांगणं अवघड असतं. पण एका अख्ख्या देशाला तो कुठून लागला, हे मात्र संशोधकांनी शोधून काढलं आहे. तो देश इजिप्त. ही हकिगत समजली की आपल्या रिपोर्टकडे बघण्याची तुमची नजर थोडी बदलेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात कावीळीपासून नाही, लघवीतल्या रक्तापासून करावी लागेल. नाईल नदीच्या काठी हा आजार फार पुरातन आहे. १९१० साली मार्क आर्मांड रुफर या डॉक्टरने तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींची मूत्रपिंडं तपासली, तेव्हा त्यांत एका कृमीची अंडी चुन्यासारखी कडक होऊन बसलेली सापडली. खुद्द कृमी त्याआधी, १८५१ मध्ये, कैरोच्या कस्र अल्-ऐनी रुग्णालयात काम करणाऱ्या थिओडोर बिल्हार्झ या तरुण जर्मन डॉक्टरने शवविच्छेदनात शोधला होता. म्हणून आजाराचं नाव पडलं बिल्हार्झिया. शास्त्रीय नाव शिस्टोसोमियासिस.

या कृमीचा प्रवास मोठा चमत्कारिक. रुग्णाच्या लघवीतून किंवा शौचातून अंडी पाण्यात जातात. तिथे ती फुटतात आणि त्यातले जीव एका विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरतात. तिच्या पोटात वाढून हजारोंच्या संख्येने पुन्हा पाण्यात उतरतात आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या धडधाकट कातडीतून थेट आत घुसतात. पाणी प्यावं लागत नाही, जखमही लागत नाही. पोहणारी मुलं, भांडी घासणाऱ्या बायका, गुडघाभर पाण्यात राबणारे शेतकरी यांना म्हणूनच तो सर्वांत जास्त. गोगलगायीचा हा भाग इजिप्तमध्ये १९१५ साली रॉबर्ट लायपर यांनी उलगडला. शरीरात गेलेले कृमी मूत्राशयाच्या किंवा आतड्याच्या शिरांमध्ये वर्षानुवर्षं राहतात. त्यांच्या अंड्यांमुळे मूत्राशयाला सूज येते, पुढे कर्करोगही होतो, नाहीतर यकृताच्या शिरा तुंबून रक्ताच्या उलट्या होतात. अरब जगताचा लाडका गायक अब्देल हलीम हाफिझ याला लहानपणी कालव्यात पोहताना हा आजार लागला आणि त्याच्याच गुंतागुंतीने १९७७ मध्ये तो गेला.

(आपल्याकडे हा आजार नाहीच, असं पाठ्यपुस्तकात शिकून आम्ही डॉक्टर झालो. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा असाच आजार होता आणि १९५२ साली गाडगीळ व शहा यांनी त्याची नोंद केली. एका छोट्या ओढ्यापुरता राहिला म्हणून फारसा गाजला नाही, इतकंच.)

इजिप्तमध्ये तो एवढा का वाढला? याचं उत्तर शेतीत आहे. पूर्वी नाईलला वर्षातून एकदा पूर यायचा, शेतं भिजायची आणि मग कित्येक महिने जमीन कोरडी पडायची. त्या कोरड्या काळात गोगलगायी मरायच्या. एकोणिसाव्या शतकात कापसासाठी बारमाही कालवे आले, १९०२ मध्ये आस्वानचं पहिलं धरण झालं, १९७० मध्ये मोठं. पीक वर्षाला एकाऐवजी दोन-तीन निघू लागलं. गोगलगायींनाही बारा महिने पाणी मिळालं.

आता औषधाकडे येऊ. १९१८ साली खार्टूममध्ये जे. बी. ख्रिस्टोफरसन यांनी दाखवून दिलं की टार्टार एमेटिक हे अँटिमनीचं औषध शिरेतून दिलं की कृमी मरतात. एमेटिक म्हणजे उलटी करवणारं, आणि ते नावाला जागायचं. रुग्णाला ओकारी, खोकल्याची ढास, चक्कर यायची, हृदयावरही परिणाम व्हायचा. शिरेबाहेर थेंब गेला तर हात सुजून मांस सडायचं. तरीही दुसरं काही नव्हतं. याच अँटिमनीवर आपल्याकडे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळा आजारचं औषध तयार केलं, म्हणजे तेव्हा हे अघोरी नव्हे, तर अव्वल दर्जाचं वैद्यक होतं.

एका रुग्णाला बारा ते सोळा इंजेक्शनं लागायची, साधारण आठवड्याला एक. १९२० च्या दशकात सुरू झालेले हे उपचार १९५० नंतर सरकारी मोहीम म्हणून गावोगाव पोहोचले. १९६४ ते १९६९ या काळात दरवर्षी सरासरी अडीच लाख लोकांना मिळून वीस लाखांच्या वर इंजेक्शनं दिली गेली. सिरिंज काचेच्या, सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या. मोहिमेचा वेग बघून आलेल्या एका ब्रिटिश डॉक्टरने १९६४ मध्ये कौतुकाने लिहून ठेवलंय, की एका कुशल डॉक्टराने तासाभराच्या आत पाचशेच्या आसपास माणसं टोचून मोकळी केली. वापरलेली सिरिंज एका तबकात जायची, नर्स ती धुऊन मिनिट-दोन मिनिटं उकळायची आणि ती परत रांगेत यायची.

मिनिट-दोन मिनिटांच्या उकळीने हा विषाणू भरवशाने मरत नाही. शिवाय औषध शिरेत द्यायचं, म्हणजे सुई नीट बसली हे बघायला डॉक्टर आधी थोडं रक्त सिरिंजमध्ये ओढून घेतो. एकाचं रक्त काचेत, मग पुढच्याच्या शिरेत. दंडात द्यायच्या सुईपेक्षा हे कितीतरी धोक्याचं.

त्या काळी हिपॅटायटिस सी हे नावही कुणाला ठाऊक नव्हतं. विषाणूची ओळख पटली १९८९ मध्ये. पण म्हणून सगळा दोष अज्ञानावर ढकलणं मला पटत नाही. सिरिंजमधून कावीळ पसरते हे १९४० च्या दशकात ब्रिटनमधल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत दिसून आलं होतं आणि तसं छापूनही आलं होतं. कशामुळे पसरते ते कळलं नव्हतं, कशातून ते कळलं होतं. इजिप्तच्या खेड्यात मूत्राशयाच्या कर्करोगाने चाळिशीत माणूस जात असताना हे ज्ञान मागे पडलं. ती मोहीम चालवणारे लोक निष्काळजी नव्हते. रांग लांब होती आणि सिरिंजा कमी होत्या.

हे संकट लगेच दिसलंही नाही. हिपॅटायटिस सी लागल्यावर बहुतेकांचे डोळेसुद्धा पिवळे होत नाहीत. थोड्यांचं शरीर तो आपोआप बाहेर काढतं, पण बहुसंख्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो आणि वीस-तीस वर्षांनी सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊन पुढे येतो. १९८० च्या दशकात प्राझिक्वांटेल ही गोळी आली, इंजेक्शनं बंद झाली आणि बिल्हार्झिया झपाट्याने उतरला. नेमक्या त्याच सुमारास रुग्णालयांत यकृत निकामी झालेले शेतकरी मोठ्या संख्येने दिसू लागले.

धागा जुळवला तो २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये. ख्रिस्तिना फ्रँक, मुस्तफा मोहम्मद, थॉमस स्ट्रिकलंड आणि सहकाऱ्यांनी जुन्या सरकारी नोंदींतून कोणत्या भागात, कोणत्या पिढीला किती इंजेक्शनं मिळाली ते काढलं आणि शेजारी हिपॅटायटिस सीचं प्रमाण मांडलं. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसली. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मोहीम जोरात होती, तिथे विषाणू जास्त. कैरो आणि अलेक्झांड्रियात कमी. मोहीम संपल्यावर वाढलेल्या मुलांत खूपच कमी. पण पूर्ण नाही, कारण एवढ्या लोकांच्या रक्तात एकदा विषाणू आला की साधं इंजेक्शन, दातांचा दवाखाना, रक्त चढवणं, डायलिसिस, प्रत्येक ठिकाणी तो पुढे सरकायला वाट मिळते. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयाच्या लोकांपैकी १४.७ टक्क्यांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी हे एक.

यानंतर इजिप्तने जे केलं ते मला या हकिगतीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. आधीचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनची वर्षभर इंजेक्शनं, अंगात ताप, मन खचलेलं, आणि त्यातून बरे होणारे जेमतेम निम्मे. २०१३ च्या शेवटी सोफोस्बुव्हिर ही गोळी आली. बारा आठवड्यांचा कोर्स, अमेरिकेत किंमत ८४,००० डॉलर. इजिप्तने घासाघीस करून २०१४ मध्ये तोच कोर्स सुमारे ९०० डॉलरला मिळवला. पुढे देशातल्याच कंपन्यांनी ही औषधं बनवायला सुरुवात केली आणि भाव शंभर डॉलरच्याही खाली गेला.

औषध होतं, पण रुग्ण सापडायला हवा ना! बहुतेकांना आपण आजारी आहोत हेच माहीत नव्हतं. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत ‘दहा कोटी निरोगी जीव’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम निघाली आणि जवळजवळ पाच कोटी प्रौढांची बोटाला टोचून तपासणी झाली. पॉझिटिव्ह आलेल्यांची पुढची तपासणी आणि गोळ्या फुकट. यावेळी सुई प्रत्येकाला नवी होती, हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सीच्या निर्मूलनाच्या वाटेवर ‘सुवर्ण’ टप्पा गाठणारा पहिला देश म्हणून इजिप्तचं नाव जाहीर केलं.

आता तुमच्याविषयी. आपल्याकडे इतकं प्रमाण नाही, पण “सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही” ही समजूत अजून जिवंत आहे, आणि तुमच्या आईवडिलांच्या पिढीने काचेच्या सिरिंजा भरपूर पाहिल्या आहेत. रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी सक्तीची झाली तीही या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी रक्त चढवलं असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, डायलिसिस चालू असेल, अंगावर गोंदवून घेतलं असेल किंवा एसजीपीटी सतत वाढलेलं येत असेल, तर एकदा ही तपासणी करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर स्वतःच्या चारित्र्याचा हिशेब मांडत बसू नका. घरात एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही. ब्लेड, रेझर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा.

अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला, एवढंच. तो आत्ता आहे का हे आरएनए तपासणीतून कळतं, आणि औषध त्यावरच ठरतं. आपल्याकडे २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत आहेत. शंभरातले पंचाण्णव जण बरे होतात. बरे झाल्यावरही अँटिबॉडीची तपासणी जन्मभर पॉझिटिव्हच येत राहते, आणि पुढे एखाद्या शस्त्रक्रियेआधी तोच कागद बघून सगळे पुन्हा घाबरतात. म्हणून कोर्स संपल्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या आरएनए निगेटिव्ह रिपोर्टच्या दोन प्रती काढून फाइलमध्ये जपून ठेवा.