तीळ आणि चेहरेपट्टी

आमच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळखीची खूण म्हणून ‘डाव्या गालावर तीळ’ अशी नोंद आहे. गेल्या पावसाळ्यात तो तीळ वाढू लागला व त्याची कड वेडीवाकडी झाली. असा बदल क्वचित कर्करोगाचे लक्षण असतो, सबब तो काढून तपासणीस पाठवावा, असे डॉक्टरांनी सांगितले. भिलाईतील नेहरू नगरच्या आमच्या बिऱ्हाडात चिंता पसरली. आईची चिंता त्यातही निराळी : भाग्याचा तीळ काढावा कसा? कचेरीतील सहकाऱ्यांनी तिसरीच शंका काढली : खूणच गेली, तर सरकारने तुम्हांस ओळखावे कशावरून? एका तिळाकडे पाहण्याच्या या तिन्ही दृष्टींना दीर्घ इतिहास आहे.

आईची दृष्टी वराहमिहिराची. सहाव्या शतकातील त्याच्या ‘बृहत्संहिते’त अंगावरील पुटकुळ्यांची स्थानपरत्वे फळे दिली असून तीळ व मस यांनाही तोच नियम लावला आहे. डॉक्टरांची दृष्टी सुश्रुताची. त्याने तीळ व मस यांची गणना क्षुद्ररोगांत केली. काळा, न दुखणारा, त्वचेशी सपाट तो तिलकालक. उडदासारखा उंच व टणक तो मषक. शस्त्राने काढून ती जागा क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू डागावी, असा उपचारही त्याने सांगितला.

तिसरी दृष्टी आम्हां कारकुनांची. मनसबदारांनी हजेरीच्या दिवशी भाडोत्री माणसे व घोडी उभी करू नयेत म्हणून अकबराच्या कारकिर्दीत घोड्यांना डाग देत व शिपायांचा ‘चेहरा’ लिहून ठेवीत. वर्ण, बांधा, व्रण, तीळ सारे त्यात येई. आपली ‘चेहरेपट्टी’ याच दफ्तरातली. आज रूपाचे वर्णन करताना हा शब्द आपण सहज योजतो. परंतु त्याच्या मुळाशी कौतुक नसून संशय आहे, हे आपल्या ध्यानी येत नाही.

पुढे संशयाला तीळ पुरेनासा झाला. डाव्या गालावर तीळ असलेली माणसे गावोगाव सापडतात. बंगालमधील सनदी अधिकारी विल्यम हर्शेल याने १८५८ साली जंगीपूर येथे एका कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. १८७७ मध्ये हुगळीला असताना निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची रीत त्याने घातली. मृताच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, हा हेतू. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. तेथील वर्गीकरणामागे अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांची बुद्धी होती. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यासाठी दहा बोटे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे व छायाचित्र घेतात; तीळ कोणी विचारीत नाही. नोव्हेंबरात नेहरू नगरातील वृद्ध मंडळी हयातीचा दाखला देण्यासाठी यंत्रावर बोट टेकवतात, तेव्हा हुगळीचीच रीत पुढे चालू असते.

आमचा तीळ निघाला. बधिर करण्याची एक सुई, पंधरा-वीस मिनिटे व तीन टाके, एवढेच. तपासणीचा निर्णय येईपर्यंतचे आठ दिवस मात्र फार लांबले. त्या दिवसांत आम्हांस एक गोष्ट उमगली. दफ्तराने तीळ पाहिला तो सरकारी पैशासाठी. ज्योतिषाने पाहिला तो उद्याच्या फळासाठी. ज्याच्या गालावर तो आहे त्या माणसासाठी तो पाहिला केवळ वैद्याने. म्हणून वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की अंगावरचा जुना तीळ आकार, रंग वा कड बदलू लागला, तर पंचांगाकडे अथवा सेवापुस्तकाकडे पाहत वेळ दवडू नये.

निर्णय निर्धास्त करणारा आला. आईने देवापुढे साखर ठेवली आणि भाग्याचा विषय पुन्हा काढला नाही. सेवापुस्तकात रीतसर दुरुस्ती झाली असून तेथे आता ‘डाव्या गालावर व्रण’ असे लिहिले आहे.