'आपला' कोणाचा? मराठी व्याकरणपरंपरा आणि वाक्यशुद्धीचे प्रश्न

स्पर्धा परीक्षांतील वाक्यशुद्धीचा प्रश्न बहुपर्यायी असतो आणि त्याचे उत्तर एकच असावे लागते. सर्वनामांच्या बाबतीत ही अट मराठीला नेहमी मानवत नाही. त्याची कारणे व्याकरणलेखनाच्या इतिहासात कशी सापडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पालघर तालुक्यातील मुरबे या मच्छीमार गावात सहज कानी पडेल असे एक वाक्य घेऊ : 'तांडेलाने खलाशाला त्याच्या घरी पाठवले.' घर कोणाचे? बहुतेक जण खलाशाचे म्हणतील. पण ते तिसऱ्याच कोणाचे असण्यासही हरकत नाही. 'आपल्या घरी' म्हटले की घर तांडेलाचे ठरते, कारण आत्मवाचक सर्वनाम कर्त्याकडे जाते असा पाठ्यपुस्तकी नियम आहे. तथापि संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतमार्गे आलेल्या 'आपण' या शब्दाने मराठीत आदरार्थी 'तुम्ही' आणि श्रोत्यासह 'आम्ही' हे अर्थही धारण केले. (गुजरातीतही 'अमे' व 'आपणे' असा भेद आहे.) म्हणजे ते घर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांचेही असू शकेल.

याहून बिकट अडचण 'कर्ता' या संज्ञेचीच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा साचा आणि संस्कृतातील विभक्तिविचार यांचा त्यात मेळ घातलेला आहे. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या निबंधांतून मराठी व्याकरणाची चिकित्सा केली आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले. एवढ्या मंथनातून वर्गात मात्र उरली ती एक सुटसुटीत युक्ती : धातूला 'णारा' लावा आणि 'कोण?' विचारा.

ही युक्ती 'आजीला आपली नात आवडते' या वाक्याला लावून पाहावी. आवडणारी कोण? नात. म्हणून नात कर्ता. पण 'आपली' हा शब्द निर्विवादपणे आजीकडे जातो, आणि आजी तर चतुर्थीत आहे! गंमत अशी की 'आजीला आता चालवत नाही' या शक्य क्रियापदाच्या वाक्यात हेच व्याकरण चतुर्थीतील आजीला कर्ता मानते. मराठीतील 'आपला' हा शब्द अनुभव घेणाऱ्या व्यक्तीचा मागोवा घेतो; तिची विभक्ती प्रथमाच असावी असे त्याला बंधन नाही.

'त्याला आपली चूक उमगली' हे वाक्य निर्दोष आहे. नियमावर विसंबलेला विद्यार्थी 'उमगणारी ती चूक' असे म्हणून ते अशुद्ध ठरवील आणि 'त्याची' हा पर्याय निवडील. मग चूक दुसऱ्याच कोणाची होऊन बसेल. कानावर विसंबलेल्याचे उत्तर येथे बरोबर येते, पण ते बरोबर का, हे त्याला पाठ्यपुस्तकातून सांगता येत नाही. प्रश्नकर्त्याने अशा ठिकाणी संदर्भाचे एक वाक्य आधी द्यावे, किंवा नामाचीच पुनरुक्ती करणारा पर्याय ठेवावा. 'खलाशाला खलाशाच्या घरी' हे कानाला बोजड लागते. पण कार्यालयीन टिपणीत घर नेमके कोणाचे, हे तेवढ्यानेच कळते.