कळलं नाही, पुन्हा दाखवा : पुण्यातले विद्यार्थी आणि प्रायोगिक सिनेमा

आजचं व्याख्यान प्रायोगिक सिनेमाच्या इतिहासावर आहे, पण दिग्दर्शकाच्या खुर्चीऐवजी आपण प्रेक्षकाच्या खुर्चीपासून सुरुवात करू, आणि तीही एका विद्यार्थ्याच्या. आपल्याकडं ज्याला प्रायोगिक किंवा अवांगार्द सिनेमा म्हणतात, त्यातला मोठा भाग म्हणजे काही विद्यार्थ्यांनी पाहिलेल्या चित्रपटांना दिलेली उत्तरं आहेत. परीक्षेतली उत्तरं म्हणत नाही आपण. एखादा सिनेमा डोक्यात अडकून बसतो, कळत नाही, त्रास देतो, आणि तीन-चार वर्षांनी माणूस स्वतःचा सिनेमा करून त्याला उत्तर देतो, तशी उत्तरं.

जागा आपल्या ओळखीची आहे. ज्या प्रभात स्टुडिओत ‘संत तुकाराम’ (१९३६) झाला, तो बंद पडल्यावर त्याच आवारात १९६० मध्ये केंद्र सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या हा योगायोग म्हणा, पण पुढचं सगळं त्यातून घडलं. देशात इतरत्र सिनेमा शिकायची इच्छा असलेला मुलगा मॅटिनीला जे लागेल ते बघायचा. पुण्यातल्या मुलाला आयझेनस्टाइन, ओझू, ब्रेसाँ यांच्या प्रिंट बघायला मिळायच्या, आणि हे महत्त्वाचं, पुन्हा बघायला मिळायच्या. संग्रहालयाचे पी. के. नायर यांची सवय प्रसिद्ध आहे. अंधारात बसून कुठल्या रिळात काय आहे हे ते वहीत टिपून ठेवायचे. विद्यार्थ्यानं आग्रह धरला तर अवेळीसुद्धा रीळ लावून द्यायचे.

दुसरे सतीश बहादुर. हे मूळचे आग्र्याचे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, फिल्म सोसायटीच्या नादातून इकडं आलेले. ‘पथेर पांचाली’ शॉट-शॉट करून शिकवण्यासाठी त्यांचं नाव झालं. त्यांच्या पद्धतीत ‘आवडला की नाही’ हा प्रश्न फार मागे राहतो. आधी काय दिसलं ते सांगा. किती वेळ दिसलं, त्याच्या आधी काय होतं, आवाज कुठून आला. आम्ही फिल्म सोसायटीवाले आजही नव्या सभासदाला हेच सांगत असतो आणि तो आजही आधी ‘बोअर झालं’ असंच सांगतो. त्यात काही बिघडत नाही. कंटाळा हीसुद्धा नोंदच आहे, फक्त तो नेमक्या कुठल्या शॉटला आला ते सांगता आलं पाहिजे.

साधारण १९६५ च्या सुमारास तिथं ऋत्विक घटक शिकवायला आले, उपप्राचार्य म्हणून. फार काळ राहिले नाहीत. पण पुण्यातला तो काळ आपल्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी होता, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं. घटकांचा सिनेमा म्हणजे फाळणीची जखम, उघडउघड मेलोड्रामा, पार्श्वसंगीतात अचानक चाबकाचे फटकारे. ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. अशा गुरूच्या हाताखाली मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम अशी मुलं होती. आता गंमत बघा. यातल्या कौल आणि शहानींनी पुढं जे सिनेमे केले, ते गुरूच्या सिनेमासारखे जराही दिसत नाहीत. गुरू रडवतो, शिष्य अश्रूच बंद करून टाकतात.

हे कसं झालं? मणि कौल यांच्यापुरतं पाहू, कारण एकाच विद्यार्थ्याचा माग काढला तर गोष्ट नीट दिसते. जोधपूरचा हा मुलगा. काका महेश कौल हिंदी सिनेमातले नावाजलेले दिग्दर्शक, म्हणजे घरात धंद्याची ओळख होती. शिकत असताना त्यानं रॉबेर ब्रेसाँचा ‘पिकपॉकेट’ (१९५९) पाहिला. पॅरिसमधला एक तरुण खिसे कापतो, एवढीच कथा. पण त्यातली माणसं अभिनय करत नाहीत. ब्रेसाँ व्यावसायिक नट घेत नसत, आणि घेतलेल्या माणसांकडून वाक्यं इतक्या वेळा म्हणवून घेत की त्यातला सगळा भाव पुसून जाई. चेहरे कोरे, हात मात्र विलक्षण बोलके. पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात, तिथून तिसऱ्या खिशात. नाटक आणि हिंदी सिनेमा यांवर पोसलेल्या कुठल्याही मुलाला पहिल्यांदा हे बघताना वाटणारच की याला दिग्दर्शन येत नाही. कौल यांना मात्र त्या सिनेमानं मुळापासून हलवलं, हे त्यांनी पुढं मुलाखतींतून सांगितलेलं आहे.

त्यांचं उत्तर म्हणजे ‘उसकी रोटी’. वर्ष १९६९-७०, पदविका मिळून जेमतेम तीन-चार वर्षं झालेली. मोहन राकेश यांची कथा. पंजाबातल्या खेड्यातली बालो रोज रोटी घेऊन बसच्या थांब्यापर्यंत चालत जाते, कारण नवरा सुच्चासिंग बस ड्रायव्हर आहे आणि घरी आठवड्यातून एकदाच येतो. एके दिवशी तिला उशीर होतो. धाकट्या बहिणीची एकानं छेड काढलेली असते, त्यात वेळ गेलेला. नवरा रागावतो, रोटी न घेता निघून जातो. ती थांब्यावर रात्रीपर्यंत उभी राहते. संपलं. आपल्याकडच्या कुठल्याही दिग्दर्शकानं यात दोन गाणी आणि एक थप्पड घातली असती.

कौल यांनी काय केलं? त्यांनी आणि छायालेखक के. के. महाजन यांनी मुख्यतः दोनच लेन्स वापरल्या, २८ मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर. पहिलीत जागा पसरलेली दिसते, दुसरीत मागचं-पुढचं एकमेकांना चिकटून सपाट होतं. पहिली बालोच्या प्रत्यक्ष दिवसासाठी, दुसरी तिच्या मनात चाललेल्या गोष्टींसाठी. आणि प्रेक्षकाला ही खूण समजतेय न समजतेय तोवर पुढं ही वाटणी त्यांनी उलटी केली. म्हणजे बालो खरंच थांब्यावर उभी आहे की तिच्या मनात उभी आहे, हे सांगता येऊ नये. संवाद सपाट, ब्रेसाँसारखे. चौकटींची मांडणी मात्र अमृता शेर-गिल यांच्या चित्रांकडून आलेली. हे फ्रेंच सिनेमाचं अनुकरण आहे असा आरोप तेव्हा झाला, आजही होतो. आम्हाला तो पटत नाही. वाट बघणारी बाई हा आपल्याकडचा फार जुना विषय आहे. कौल यांनी त्यातलं वाट बघणं तेवढं ठेवलं आणि बाकीचं काढून टाकलं. आणि घटक? आम्हाला वाटतं, घटकांकडून त्यांनी शैली घेतली नाही, धीटपणा घेतला. प्रेक्षकाला न विचारता एखादी गोष्ट टोकापर्यंत नेण्याचा.

शहानी आणि जॉन यांच्याबद्दल थोडक्यात, नाहीतर वेळ पुरायचा नाही. शहानींवर पुण्यातच दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या विचारांचा ठसा उमटला. मग ते फ्रान्सला गेले, खुद्द ब्रेसाँच्या हाताखाली काम केलं, आणि परत येऊन निर्मल वर्मांच्या कथेवर ‘माया दर्पण’ (१९७२) केला. जॉन अब्राहम ‘उसकी रोटी’ला सहायक होते. त्यांची वाट निराळीच. ‘अम्मा अरियान’ (१९८६) हा चित्रपट त्यांच्या ‘ओडेसा’ या गटानं केरळात गावोगाव फिरून लोकांकडून पैसे गोळा करून केला.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर खरा वाद तिथंच होता. ‘उसकी रोटी’ला पैसा फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा, म्हणजे सरकारी कर्ज. त्याच योजनेतून मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि बासू चटर्जींचा ‘सारा आकाश’ हे १९६९ चे सिनेमे झाले. त्यांना प्रेक्षक मिळाला, ‘उसकी रोटी’ थिएटरांत जवळजवळ लागलाच नाही. मग प्रश्न आला की सार्वजनिक पैशानं कुणाला न कळणारे सिनेमे का करायचे? हा प्रश्न फालतू नव्हता, आणि विचारणारे सगळे अडाणी नव्हते. सत्यजित राय यांनी १९७१ मध्ये नव्या लाटेबद्दल शंका घेणारा लेख लिहिला. १९७४ मध्ये ‘माया दर्पण’ आणि कौल यांचा ‘दुविधा’ यांच्यावर त्यांनी कडक शब्दांत टीका केली. ज्यांचा ‘पथेर पांचाली’ शॉट-शॉट गिरवून ही मुलं शिकली, त्यांनीच असं लिहावं! १९७६ मध्ये तर संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीनं कॉर्पोरेशनवर धंदा न करणाऱ्या चित्रपटांना पैसे दिल्याचा ठपका ठेवला.

आपण या वादात कुठं उभे राहायचं? राय यांचं एक म्हणणं आपण मान्य करू. प्रेक्षक नसलेला सिनेमा अर्धाच राहतो. पण ‘कळत नाही’ हा दोष एकट्या सिनेमाच्या माथी मारता येत नाही. कौल यांनी ब्रेसाँ पचवला तो वर्षानुवर्षं, अवतीभवती शिक्षक, मित्र आणि रीळ पुन्हा लावून देणारे नायर असताना. सोलापूरच्या किंवा नागपूरच्या कॉलेजातल्या मुलाला ‘उसकी रोटी’ आयुष्यात एकदाच दिसायची शक्यता होती, तीही सोसायटीच्या एखाद्या खेळाला, खुर्च्या करकरताहेत, प्रोजेक्टर मध्येच बंद पडतोय अशा अवस्थेत. एकाला दहा वेळा, दुसऱ्याला एकदा, आणि निकाल मात्र दोघांकडून सारखाच मागायचा. मुंबईत १९६८ साली सुरू झालेलं प्रभात चित्र मंडळ आणि त्यासारख्या सोसायट्या ही दरी थोडी बुजवत होत्या. थोडीच.

मराठी प्रेक्षकाशी या मंडळींची थेट गाठ पडली ती ‘घाशीराम कोतवाल’मध्ये. १९७६ चा हा सिनेमा इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्यांच्या ‘युक्त’ या सहकारी गटानं केला. दिग्दर्शनात मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. विजय तेंडुलकरांचं नाटक, पुण्याच्या थिएटर अकॅडमीचे कलावंत, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी, त्यांचा पहिलाच चित्रपट. नाटक गाजलेलं, त्यावरचं वादळ ताजं. तुम्ही म्हणाल, मग सिनेमाही चालला असेल. नाही चालला. नाटकातला तो नाचणारा मानवी पडदा बघायला आलेल्याला पडद्यावर लांबच लांब, न तुटणारे शॉट मिळाले. पुढं कितीतरी वर्षं तो सिनेमा बघायला मिळणं मुश्कील झालं. एक प्रिंट बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेत राहिली होती म्हणून तो वाचला. पुण्यात जन्मलेल्या मराठी सिनेमाची प्रिंट जर्मनीत सापडावी, यावर आम्ही काही बोलत नाही.

सगळी उत्तरं सिनेमातूनच आली असंही नाही. कौल यांच्या ‘आषाढ का एक दिन’मध्ये (१९७१) कालिदास झालेले अरुण खोपकर पुढं याच इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शन शिकून बाहेर पडले आणि १९८५ मध्ये त्यांनी मराठीत ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ लिहिलं. वाचून पाहा. विषय लोकप्रिय हिंदी सिनेमाचा, पण नजर त्या अंधाऱ्या खोलीत तयार झालेली. प्रकाश कुठून येतो, कॅमेरा कधी सरकतो, गाणं दृश्याला काय करतं. आवडनिवड नंतर. प्रायोगिक सिनेमानं तयार केलेली नजर ‘प्यासा’कडं वळवता येते, हे त्या पुस्तकामुळं मराठी वाचकाला दिसलं. आमच्या मते हा त्या सगळ्या खटाटोपाचा मोठा लाभ आहे, आणि तो कुठल्याच समितीच्या हिशेबात धरलेला नाही.

आता दहा मिनिटं चहा घेऊ. नंतर ‘उसकी रोटी’ची सुरुवातीची काही मिनिटं दाखवणार आहोत, दोनदा. पहिल्या वेळी दिवे लागल्यावर कुणी काही बोलू नये. कागद दिलेले आहेत, त्यावर फक्त काय दिसलं आणि कुठं लक्ष उडालं एवढंच लिहा. प्रश्नोत्तरं दुसऱ्या वेळेनंतर.